सुंदरीची पेटी

“खेकडा आमचा, मूळ तुमचं. आता भांडायचं नाही!” श्यामकांतकाका म्हणाले, तसे सान्यालबाबू हसले.

बाबा जाऊन महिना उलटला होता. त्यांच्या कॉलेजातले हे दोघे प्राध्यापक, काका प्राणिशास्त्राचे आणि सान्यालबाबू वनस्पतिशास्त्राचे, मी बोलावलं म्हणून बेहालाला आमच्या घरी आले होते. बाबांची पेटी कॉलेजात राहावी, एवढंच मला हवं होतं.

पेटीत सुंदरबनातलं एकच सुंदरीचं झाड होतं. त्याचं पान, साल, चिखलातून वर येणारं श्वासमूळ, मुळाशी राहणारा खेकडा, बरणीभर चिखल आणि ते झाड तोडणाऱ्या निमाईच्या गमछ्याचा तुकडा. बाबा वनशास्त्र शिकवत. पहिल्या तासाला पेटी उघडून ते मुलांना विचारत, “यातलं काय काढलं तर चालेल?”

त्यांना कुठल्या विभागात बसवावं, हे कॉलेजला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. त्यांचं टेबल दोन विभागांच्या मधल्या व्हरांड्यात असे. पावसाळ्यात ते खुर्चीमागे छत्री उघडून ठेवत. “मला दोन्हीकडून चहा येतो,” असं आईला सांगत, आणि घरी आल्यावर लागोपाठ दोन कप पीत.

“मिट्टी के लिए जिऑलॉजी में पूछेंगे,” सान्यालबाबू म्हणाले. “और ये गमछा?”

“ते फडकं टाकून दे गं, लीना,” काका म्हणाले.

“काका, पेटी आहे तशी नेता येणार नाही?”

“नेऊन नोंद कुठे करू? तुझ्या बाबांनाही हेच सांगून थकलो मी. देवमाणूस, पण महाहट्टी!”

“मग राहू दे.”

“अगं, दोन खोल्यांत माणसं ठेवशील की चिखल?”

मी खेकडा उचलून पुन्हा मुळाशेजारी ठेवला. चहा संपवून दोघे गेले.

लोडशेडिंगमुळे पंखा बंद होता. चिखलाचा वास खोलीभर पसरला होता. या वासावरून आई बाबांशी वर्षानुवर्षं भांडली होती. मी झाकण लावून पेटी ओढू लागले, तशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“कुठे नेतेस?”

“व्हरांड्यात. आत जागा कुठे आहे?”

“व्हरांड्यात नको.”

तिनं आपलं शिवणाचं मशीन खिडकीपासून दूर सरकवलं. मग खाली वाकून मोकळी झालेली फरशी पदरानं पुसली.

“इथे आण,” ती म्हणाली.