दर्याबाबाची चालती जटा

खापरखेड्याच्या कॉलनीचं मैदान मे महिन्याच्या दुपारी माणसांनी गच्च भरलं होतं. मधोमध फुटबॉलएवढा काटेरी गोळा, कुणाचा हात न लागता, टुणटुणत निघाला आणि थेट प्रयागबाईच्या पदराला जाऊन अडकला.

"समुद्रातल्या सिद्धाची जटा आहे, खोटं बोलत नाही," चेटकीण शोधायला बोलावलेला दर्याबाबा गरजला. "लेकरं खाणारी हीच."

सिद्धाला म्हणे सारा समुद्र सोडून खापरखेड्याच्या जुलाबांची काळजी पडली होती.

देवरावचं पोर परवाच जुलाबांनी गेलं होतं. त्यानं काठी घातली. प्रयागबाईचं कपाळ फुटलं. मग बायका तुटून पडल्या. केस उपटले, चपलांनी तोंड फोडलं.

"मी तं लेकरायले न्हाऊ घालतो वं माय," ती रक्त गिळत म्हणत होती.

चारुशीलाच्या खांद्यावर तिचं लेकरू जुलाबांनी सुकून पडलं होतं. सकाळी तिनंही प्रयागबाईला दार उघडलं नव्हतं. पण आता ते काटे जवळून दिसले आणि कॉलेजची कोकणातली सहल आठवली. किनाऱ्याच्या वाळूत रावणमिशी नावाचं गवत. त्याचे असलेच गोळे वाऱ्यावर धावत बी पसरायचे.

ती गर्दीत घुसली. प्रयागबाईला ओढून बाबाच्या शेजारी बसवलं आणि तिच्या जागी स्वतः लेकरासकट बसली.

"आता सोडा जटा."

"काहून? सिद्ध काय तुझा नोकर आहे?"

"सोडा न बाबा," देवराव म्हणाला. "पाहू द्या लोकायले."

गोळा सुटला आणि चारुशीलाच्या मांडीत रुतला. देवरावची रक्ताळलेली काठी वर गेली.

"मार," ती जागची न हलता म्हणाली. "माझंच लेकरू मरायला टेकलंय, अन् मीच चेटकीण. मार, नाहीतर बाबाच्या पाठीमागं पाहा. तेवढीच बाजू मोकळी काहून ठेवली? वारा तिकडूनच येतो. ज्याला मारायचं, त्याला हा समोर बसवतो."

तिनं शेजारच्या प्रेमिलाला बाबाच्या पाठीमागं सतरंजी आडवी धरायला लावली. गोळा पुन्हा मधे ठेवला. जागचा हलला नाही. सतरंजी खाली येताच तुरुतुरु पळाला.

बाबा उठायच्या आत देवरावची काठी त्याच्या पाठीत बसली. चारुशीलानं ती धरली.

"ह्याला पोलिसात द्या. पाणी उकळून पाजा, लेकरं दवाखान्यात न्या. जुलाब पाण्यातून येतात, कुणाच्या नजरेतून नाही."

देवराव प्रयागबाईकडे पाहू शकत नव्हता. "बाबानं फसवलं न, ताई."

"गोळा वाऱ्यानं ढकलला, देवराव. काठी वाऱ्यानं उचलली नव्हती."

तिनं लेकरू खांद्यावर सावरलं, दुसऱ्या हातानं प्रयागबाईला उठवलं आणि दोघांना घेऊन दवाखान्याची वाट धरली.