डेसीच्या घाटातली घोंगडी

मी घोंगडी, काळ्या मेंढ्यांच्या लोकरीची. निमोण्याच्या मल्हारीनं मला मागावर विणलं, चिंचोक्याची खळ लावून उन्हात ताणलं, तेव्हा मी पत्र्यासारखी ताठ होते. खुटबावच्या ताईबाईंनी पांघरून पांघरून मला मऊ केलं.

तरी मी टोचते, ही माझी खोड. त्यांची लेक राजश्री लहानपणी मला पायानं ढकलून द्यायची. पुढं ती खूप शिकली आणि इथिओपियात, डेसी नावाच्या डोंगरातल्या शहरात, कॉलेजात शिकवायला गेली. वडील वारल्यावर घरात ताईबाई आणि मी, दोघीच उरलो.

२००५ साली ताईबाईंनी दाराला कुलूप लावलं, मला बोचक्यात बांधलं आणि विमानात बसल्या. नागपूरच्या दीक्षाभूमीपलीकडं त्या कधी गेल्या नव्हत्या. लेकीला परत आणायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

राजश्री तिथल्या विमानतळावर घ्यायला आली आणि आम्ही डेसीची बस धरली. आधी शेतांचे सपाट माळ, मग घाट. वळणाखाली ढग दिसायचे. तिथली माणसं बसची खिडकी उघडू देत नाहीत, वारा बाधतो म्हणे. ताईबाईंना मळमळायला लागलं. शेजारच्या म्हातारीनं कापलेलं लिंबू त्यांच्या नाकाशी धरलं आणि पाठ चोळत राहिली.

बरं वाटल्यावर ताईबाई लेकीला म्हणाल्या, "राजे, तू हितं एकटी, मी तिथं एकटी. बास झालं. माझ्यासंगं घरी चल."

राजश्रीनं बोचकं सोडून मला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

घाटमाथ्यावर दरड कोसळली होती. बस थांबली, पुरुषमाणसं दगड हटवू लागली. बाहेर धुकं आणि झोंबरा वारा. ताईबाईंनी मला अंगावर घेतलं. तेवढ्यात रस्त्याकडेच्या शाळेतून एक तरुण बाई धावत आली. ती अल्माझ, राजश्रीची जुनी विद्यार्थिनी, आता तिथली शिक्षिका. तिनं राजश्रीला मिठी मारली. ही बाईंची आई, हे कळल्यावर तिनं तिथल्या मान द्यायच्या रीतीनं वाकून ताईबाईंच्या गुडघ्यावर ओठ टेकले. ताईबाई गडबडल्या. मग अल्माझ त्यांचा हात धरून कितीतरी वेळ बोलत राहिली.

"काय म्हणती ही?"

"हिच्या आईनं हिला कॉलेज सोडून घरी बोलावलं होतं. आई एकटीच होती. मी त्यांच्या गावी जाऊन समजूत घातली, ते सांगतीय."

"काय सांगितलंस तिच्या आईला?"

"म्हणलं, माझी आईपण घरात एकटीच हाय. तरी तिनं मला एवढ्या लांब पाठवलं."

ताईबाईंनी माझं एक टोक उचललं आणि लेकीला आत ओढून घेतलं. मी टोचतच असणार, पण राजश्रीनं मला ढकललं नाही.

रस्ता मोकळा झाला. ताईबाई महिनाभर डेसीत राहिल्या, पण 'घरी चल' म्हणून पुन्हा बोलल्या नाहीत. निघताना त्यांनी मला राजश्रीच्या अंथरुणावर घडी करून ठेवलं. तेव्हापासून मी इथंच आहे. कडेला थोडी उसवलेय, पण डेसीच्या थंडीला पुरून उरते.

त्या दिवशी ताईबाईंना बसस्टँडवर सोडायला जाताना राजश्रीनं मला उचलून खांद्यावर घेतलं होतं. ती रडायला लागली तशी ताईबाई म्हणाल्या, "सुट्टी लागली की ये. न्हाई जमलं तर मी येते. रस्ता आता मला ठावा हाय."