वर्षातला एक मंगळवार

कुमुदिनीने तक्त्यावरचं चित्र ओरबाडून काढलं आणि डिंकाने बरबटलेली बोटं फडक्याला पुसली.

“पुन्हा तेच. प्रत्येक चित्राखाली एकच ओळ. असं कुणी लिहितं का?”

अकरा वर्षांच्या आलेस्याने पुढच्या चित्राखाली तीच ओळ लिहायला घेतली. चेर्नोबिलच्या किरणोत्सर्गाच्या पट्ट्यातल्या मुलांना उन्हाळ्यात महिनाभर जर्मनीतल्या घरांत ठेवणाऱ्या मंडळाने तिला फ्रँकफर्टला, कुमुदिनीकडे पाठवलं होतं. पुण्यात हौसेने शिकलेली रशियन वीस वर्षांनी अशी कामी येत होती. उद्या मंडळाच्या चहापानात आलेस्याने आपल्या बेलारूसमधल्या गावाची माहिती सांगायची होती. डिसेंबरात नवऱ्याची, प्रद्युम्नची, बदली पुण्याला. कुमुदिनीला परत जायचंच नव्हतं, तीन महिने घरात तोच वाद चालला होता. पण जावं लागणार, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात या मुलीला दुसरं घर हवं. उद्या ती कुणाच्या तरी मनात भरायलाच हवी होती आणि ही बया हटून बसलेली.

चित्रं मात्र सुरेख होती. युद्धात जळून पुन्हा बांधलेलं लाकडी चर्च, नदीवरचा धक्का, शाळा, सैनिकांचं स्मारक. खाली सगळीकडे तेच: ‘ईस्टरनंतरचा दुसरा मंगळवार, नऊ ते पाच.’

“अगं, म्हणजे तुमची जत्रा,” कुमुदिनीला एकदम उलगडा झाला. “गाव सोडून गेलेले सगळे येतात ना त्या दिवशी?”

“सगळे. रंगवलेली अंडी, खाणं घेऊन.”

“मग तसं लिही की. लोकांना मजा वाटेल.”

“कबरींपाशी बसून खातो, काकू. मग आजी मला तिची शाळा दाखवते. पाचला नाक्यावरचे पोलीस सगळ्यांना बाहेर काढतात.”

“आणि एरवी?”

“एरवी आत सोडत नाहीत. तिथे कुणी राहत नाही.”

“तू मग राहतेस कुठे?”

“शहरात, नवव्या मजल्यावर. पण आमचं गाव ते.”

कुमुदिनीला स्वतःचाच राग आला. तिने हातातलं चित्र पुन्हा जागेवर चिकटवलं.

काय बोलणं झालं ते तिने सांगितल्यावर प्रद्युम्नने पेपर खाली ठेवला. “हे बघ, हे वाचून कोण घेईल तिला? लोक घाबरतील. चर्चचं तेवढं सांगू दे.”

“अहो, तुम्ही थांबा जरा.”

आलेस्या दोघांकडे बघत होती. मग तिने विचारलं, “काकू, तुमच्या गावात, पुण्यात, कुठल्या दिवशी आत सोडतात?”

कुमुदिनी चित्राचा कोपरा अंगठ्याने दाबत राहिली.

“रोज,” ती म्हणाली आणि नवऱ्याकडे तिने बघितलं नाही.