जंगलवाटेवरचं अरुंद फाटक

इद्वल बेननच्या जिवाला सकाळपासून थारा नव्हता. खिडकीपाशी जायचं, परत यायचं, चहाचा पेला उचलायचा, न पिताच खाली ठेवायचा. तव्यावरच्या बेदाण्याच्या चकत्या बशीत गार होऊन गेल्या, एकही त्याच्या घशाखाली उतरली नाही.

"मुंग्या चढल्यात का रे अंगावर?" टेग्वेनने विचारलं. त्याची बायको डाव्या हाताने गळ्यातला रुमाल बांधत होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून उजव्या हातापायाचा तिला फारसा भरवसा नव्हता.

"मोटरसायकलवाले," इद्वल पुटपुटला. "घुसले बघ पुन्हा जंगलात. देवाचा वार तरी सोडावा मेल्यांनी!"

हे खोटं नव्हतं. डोंगरावरून घरघर ऐकू येत होती खरी. पण त्याच्या अस्वस्थतेचं खरं कारण मागच्या अंगणात उभं होतं. लाल रंगाची, रुंद बुडाची, तीन चाकांची सायकल.

प्रार्थनामंदिरातल्या मंडळींनी वर्गणी काढून ती टेग्वेनसाठी आणली होती. बंद पडलेल्या शाळेच्या पटांगणात सबंध हिवाळा तिने त्या सायकलवर फेऱ्या मारल्या. पडली, रडली, शिव्या घातल्या, पुन्हा बसली. आज पलीकडच्या गावच्या मंदिरात वर्षाचा गायनोत्सव होता, आणि तिथं ती स्वतःच्या पायांनी पायडल मारत जाणार होती, जंगलवाटेने.

ही वाट म्हणजे एके काळची कोळशाची रेल्वे. खाणी मिटल्या, रूळ उचलले गेले, दोन्ही अंगांनी जंगल वाढलं आणि थेट समुद्रापर्यंत सायकलची वाट झाली. ना ट्रक, ना मोटार. झटक्याआधी नवराबायको दोघं दर उन्हाळ्यात सायकलींना तंबू बांधून या वाटेने समुद्रावर जात. आज मंदिरापर्यंत जमलं, तर यंदा पुन्हा समुद्र, असं टेग्वेनने मनाशी ठरवून टाकलं होतं.

आणि मधे होतं फाटक. इद्वलने स्वतःच्या हातांनी केलेलं!

जन्मभर पोलादाच्या कारखान्यात वेल्डिंग केलेला माणूस तो. मोटरसायकलींनी वाटेचा चिखल केला, म्हाताऱ्यांना पळता भुई थोडी केली, तेव्हा सरकारी कचेरीची परवानगी काढून त्याने मंदिराच्या अलीकडे लोखंडी चौकट बसवली होती. एकमेकींकडे झुकलेले दोन जाड पत्रे आणि मधे फट. साधी सायकल कशीबशी आत जाईल, मोटरसायकलचं रुंद हँडल अडेल. गावाने त्याची पाठ थोपटली होती. टेग्वेन तेव्हा धडधाकट होती. आपल्या सडपातळ सायकलवरून त्या फटीतून ती हसत गेली होती.

काल संध्याकाळी इद्वलने गुपचूप टेप लावून तीनचाकी मोजली. मग फाटकापाशी जाऊन फट मोजली. तेव्हापासून त्याला चैन नव्हतं.

"गाडीनेच जाऊ या का?" तो म्हणाला. "आभाळ भरलंय."

"इद्वल! आपल्याकडे आभाळ कधी रिकामं असतं रे?"

"नाही, पण पहिलाच दिवस, दमशील..."

"दमू दे. झटका आल्यापासून पिशवीसारखी गाडीत टाकतोस आणि पिशवीसारखी उतरवतोस. आज मी माझी जाणार."

निघाले दोघं.

वाचकहो, त्या वाटेवरची टेग्वेन बघायला हवी होती. लार्चच्या झाडांची कोवळी पालवी, खाली खळाळणारी नदी, आणि ही बाई श्वास लागलेला असतानाही आलापी गुणगुणतेय. मागून येणाऱ्या इद्वलला मात्र ना पालवी दिसत होती ना नदी. त्याला दर वळणावर फाटकच दिसत होतं. सायकल तिरकी करून घालता येईल का? उचलून पलीकडे नेता येईल? माणसाने बोलायचं तिथं गप्प बसलं की मन असं घाण्याला जुंपलं जातं.

शेवटचं वळण आलं. फाटकापलीकडे, दगड मारला तर पोहोचेल इतक्या जवळ, मंदिर. दारं उघडी. आत पहिलं भजन सुरू झालेलं, चार गटांच्या चार सुरांत.

टेग्वेनने सायकल थेट फटीत घातली. खण्ण! मागची दोन्ही चाकं पत्र्यांना भिडली.

"जरा मागे घे," इद्वल म्हणाला. त्याने तिरकी केली, आडवी केली, उचलायला गेला. तीनचाकी कसली, लोढणं! कमरेत कळ आली.

टेग्वेन हलकेच म्हणाली, "तुला माहीत होतं."

"काल मोजली मी."

"आणि मला सांगितलं नाहीस."

तेवढ्यात मागून घरघर आली. एक मोटरसायकल चिखल उडवत फाटकापाशी आली. वर गावातल्या कसायाचा जावई, चांगला चाळिशीचा बाप्या. त्याने फाटकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डावीकडे नेच्यांतून दरडीवर मळलेली पाऊलवाट होती, तिच्यावरून चढला आणि पलीकडे उतरला. जाता जाता वरून ओरडला, "काकू, अडकलात का? सॉरी हां!"

आणि गेला!

इद्वल बघतच राहिला. ज्याच्यासाठी फाटक केलं तो पार पडला, आणि जिच्यासाठी जीव टाकतो ती अलीकडे राहिली! आजवर त्या नेच्यांतल्या वाटेकडे त्याने पाहिलंच नव्हतं. पाहिलं असतं, तर आपली कारागिरी फुकट गेली असं म्हणावं लागलं असतं.

घरघर ऐकून मंदिरातून एलुनेड प्रॉसरबाई बाहेर आल्या. या तिथल्या धर्मोपदेशिका. पंचाहत्तरीच्या, काठी टेकणाऱ्या, पण प्रवचनाला उभ्या राहिल्या की बोलता बोलता आवाज सुरावर चढायचा आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा.

त्यांनी सगळं एका नजरेत ओळखलं. "इद्वल, गेथिन आठवतो? हातांनी चालवायच्या सायकलवाला?"

इद्वलने मान खाली घातली. गेथिनचे पाय अपघातात गेले होते. फाटकाच्या बैठकीत त्याने विचारलं होतं, मी आत कसा येऊ? तेव्हा हाच इद्वल म्हणाला होता, एका माणसापायी सगळं जंगल उघडं टाकायचं का? वर विनोद केला होता, स्वर्गाचं दारही अरुंदच असतं म्हणे!

"स्वर्गाचं दार कुणी बनवलं ते देव जाणे," एलुनेडबाई म्हणाल्या. "हे मात्र तू बनवलंस. आज गेथिन कसा आलाय ठाऊक आहे? हमरस्त्याने, ट्रकांच्या चाकांना चाक लावून. रोज तसाच जातो. ज्याला शांत वाटेची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच तू ट्रकांपुढे लोटलंस, बाळा."

"मोटरसायकली थांबवायला केलं होतं हो बाई!"

"मग थांबल्या?"

इद्वलने नेच्यांतल्या त्या पाऊलवाटेकडे पाहिलं.

"दांडगा माणूस दरडीवरून जातो, इद्वल. दुबळ्याला दरड चढवत नाही. म्हणून आपल्या भिंती नेहमी दुबळ्यालाच अडवतात!" बोलता बोलता म्हातारीचा आवाज सुरावर चढला होता. आतलं भजन थांबलं. माणसं दारात आली.

आता टेग्वेन बोलली. "मला उचलून नेऊ नका कुणी. मी इथं बसून गाईन."

आणि गायला लागली! आवाज थोडा वाकडा, एका बाजूने ओढलेला, पण सूर पक्का. मंडळी एकेक करून फटीतून अलीकडे येऊ लागली. जाड्या बायका अडकल्या, एकमेकींना ढकलत हसल्या. गेथिनची सायकल पत्र्यापलीकडेच थांबली. तिथूनच त्याने खालचा सूर धरला. एक पलीकडे, एक अलीकडे, मधे लोखंड.

इद्वलला ते बघवेना. त्याने सायकलच्या पिशवीतून पाना काढला. पत्र्यांचे बोल्ट गंजले होते. त्याने जोर लावला, बोटं सोलली, पुन्हा लावला.

"अरे, कचेरीची परवानगी?" कुणीतरी म्हणालं.

"उद्या सकाळी जाऊन सांगतो, मी बसवलं, मीच काढलं. काय दंड करायचा तो करा!"

धडाम्! पहिला पत्रा नेच्यांत पडला. भजन संपायच्या आत दुसराही पडला. टेग्वेनने डोळे पुसले, डावा हात हँडलवर घट्ट धरला आणि पायडल मारलं. तीन चाकं वाटेवरून सरळ पुढे गेली. गेथिनने बाजूला होत डोक्यावरची टोपी काढली. "या काकू. मी जातो आता घरी जंगलातून. लई वर्षं झाली."

मग मोटरसायकलींचं काय? इद्वल दुसऱ्या दिवशी कसायाच्या घरी गेला. चहा घेतला, जावयाशी भांडला, पुन्हा चहा घेतला. रविवारी मंडळी पाळीपाळीने वाटेच्या तोंडाशी खुर्च्या टाकून बसू लागली. ओळखीच्या माणसांच्या नजरेसमोरून घुसायला माणसाला लाज वाटते. मोटरसायकली साफ थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या. फाटकाने तेवढंही केलं नव्हतं.

बंधुभगिनींनो, आपणही अशी फाटकं करतोच की! कचेरीच्या पायऱ्या असोत, देवळाचा उंबरा असो, नाहीतर घरातला एखादा नियम. हेतू चांगला असतो, पाठही थोपटली जाते. पण फाटक करण्याआधी एकदा त्या माणसाला विचारावं, ज्याला त्यातून जाता येणार नाही. तो एकटाच असला तरी विचारावं. कोण जाणे, उद्या तो एकटा आपल्याच घरातला असेल!

त्या उन्हाळ्यात टेग्वेन समुद्रापर्यंत गेली. वाटेत तिने फाटकं मोजली नाहीत. ते काम इद्वल करत होता, पाना खिशात घेऊन.