जोड जमेपर्यंत

मोरोपंत वकिलांनी हौसेनं दोन जडशीळ स्पीकर घेतले आणि त्यांना साजेसा अ‍ॅम्प्लिफायर ठरेपर्यंत ते अकोल्याला, जठारपेठेत रऊफभाईंच्या दुकानातच ठेवले. दर रविवारी अमरावतीहून एसटीनं जायचं, ऐकायचं, परत यायचं. अ‍ॅम्प्लिफायर काचेच्या व्हॉल्व्हचाच हवा होता. त्यावर पहिली वाजणार होती त्यांच्या पत्नीची, गोदावरीबाईंची कॅसेट. तिच्यात बाईंचे वडील परतवाड्याच्या घरी पोथी वाचत होते. वडील आता नव्हते. आवाज तेवढा उरला होता.

"स्वयंपाकघरातल्या टेपवर लावू ना एकदा," गोदावरीबाई म्हणायच्या.

"त्या डबड्यावर? फीत चावली तर? बाबांना ऐकायचं तर नीट ऐकू." पंतांनी कॅसेट कपाटात कुलपाआड ठेवली.

रऊफभाई पूर्वी गावोगावच्या मंडपवाल्यांसाठी अ‍ॅम्प्लिफायर बांधायचे. कापसानं मार खाल्ला तशी लग्नं मुकाट्यानं उरकू लागली, आणि त्यांच्यावर दुकानात माशा मारायची पाळी आली. वकीलसाहेब आले की निदान चहा मागवायला कारण मिळे.

"हा बारका लई गोड हाय," ते म्हणत, "पन तुमचे स्पीकर खादाड. थोडा आवाज वाढवला का हा धापा टाकते."

मग मोठा जोडला जाई. "ह्यात दम आहे, पण गोडवा नाही," म्हणत पंत सवयीनं पुढची तारीख देत.

"काय वकीलसाहेब, खुनाचा खटला बी एवढा नाई चालत! भाभी शिव्या देत असतीन मले."

असं म्हणायचे, पण पुढच्या रविवारसाठी नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळायलाही घ्यायचे. घाई दोघांनाही नव्हती.

घरी मात्र गोदावरीबाई हाकेला ओ देईनाशा झाल्या. रागावली असेल, पंतांनी मनाशी धरलं. बायकोचा राग त्यांनी कधी फारसा तपासला नव्हता.

अखेर जोड जमली. गोडवाही, दमही. रऊफभाई स्वतः जीप करून सामान घेऊन आले, तारा जोडल्या, आणि नवराबायकोनं निवांत ऐकावं म्हणून चहासुद्धा न घेता गेले. पंतांनी कॅसेट लावली. म्हातारा खोलीत येऊन बसावा तसा आवाज आला. पोथी मध्येच थांबली. "गोदे, दूध उतू जातंय, बघ!"

पंतांनी हसून पाहिलं. गोदावरीबाई लाल तापलेल्या काचांकडे कौतुकानं बघत होत्या. मान डोलत होती, पण भलत्याच ठेक्यावर.

पंतांनी टेप थांबवला. मान डोलतच राहिली.

ते उठून समोर उभे राहिले. "तुला ऐकू येत नाही?"

त्यांच्या ओठांकडे बघत बाई म्हणाल्या, "आधी उजवा गेला. मग डावाही. आता कानाशी ओरडलं तर थोडं."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही अकोल्याहून इतके खुशीत यायचे."

पंत त्यांच्या डाव्या कानाशी वाकले आणि कोर्टातही कधी ओरडले नसतील तसे ओरडले, "गोदे, दूध उतू जातंय, बघ!"

बाई लगबगीनं स्वयंपाकघरात गेल्या आणि पदराला हात पुसत परत आल्या. "गॅस तर बंद आहे."

"बाबा म्हणाले! कॅसेटमध्ये!"

त्या जवळ येऊन बसल्या. कान पुढे करून म्हणाल्या, "पुन्हा म्हणा. बाबांसारखं."

पंतांनी म्हटलं.

"असं नाही हो. 'गोदे' जरा लांबवायचे ते."

त्यांनी लांबवून म्हटलं. बाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि हळूच मान हलवली. नाही.