माझ्या पाठीवरचा हात

“ही उद्या गेली की हिच्या पाठोपाठ ती खुर्चीही बाहेर काढ. भंगारवाल्याला हाक मारायचं काम माझ्याकडे लागलं,” आत्या म्हणाली.

“ताई, भंगारात नाही द्यायची मी,” भिंगरीची आई म्हणाली. “सुताराकडे देते. पाय सारखा करून आणला की पुन्हा बघायला नको.”

“पाय सारखा करून काय करणार? ओले टॉवेल घालायला तीन पायही पुरतात.”

जिच्यावरून हे चाललं होतं ती खुर्ची मी. मी बोलतेय, तेव्हा मध्ये कुणी बोलू नका. आणि प्रकार कसा बघा, ही माणसं माझ्या मरणाचं बोलत होती आणि त्याच वेळी माझ्याच मांडीवर भिंगरीची नवी चाकांची बॅग आ वासून बसली होती. सवत ती सवत, वर मांडीवर.

भिंगरी म्हणजे या घरातली मुलगी. दिवसभर स्वतःभोवती फिरते म्हणून आत्यानेच ठेवलेलं नाव. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅलेच्या उन्हाळी शिबिराला निघणार होती, चांगला दीड महिना. ढीगभर मुलींतून हिची निवड झालेली. आई जाड दोऱ्याने नाचाच्या बुटांना फिती शिवत होती, आत्या फोनवर बघून एकेक वस्तू पुकारत होती आणि भिंगरी जमिनीवर बसून मोजे गुंडाळत होती. माझी बाजू घेऊन एक शब्द तिच्या तोंडून निघत नव्हता. याचाच मला जास्त राग.

माझा जन्म सुताराच्या दुकानातला. आम्ही बहिणी एका मापाच्या, एका रंगाच्या. सगळ्यांची एकदमच पाठवणी झाली, दातांच्या डॉक्टरांकडे, बाहेरच्या खोलीत. दाढ दुखणारा माणूस खुर्चीत बसत नाही, खुर्चीला धरून असतो. आतून यंत्राचा आवाज आला की भले भले गृहस्थ माझ्या कडा आवळायचे. हात काय बोलतो ते मला तिथे कळलं. कुणी शिकवलं नाही. लोकांना बसवून घेता घेता शिकले.

पुढे तिथे भोकाभोकांची लोखंडी बाकं आली आणि आम्हाला वाटून टाकलं. भिंगरीची आई तिथे नावं पुकारायचं काम करायची. तिने मला घरी आणलं. जिन्यावर मी तिच्या हातून सुटले, एक पाय खालून ठेचला गेला, तेव्हापासून मी डुगडुगते. पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालतात, ती सरकते, पुन्हा घालतात. मी काही कुणाला घाला म्हणून सांगितलेलं नाही.

घरात माझं काय काय केलं ते विचारू नका. इस्त्रीचे कपडे माझ्यावर, दप्तर माझ्यावर, दिवा बदलायचा तर भिंगरीचे बाबा चपलांसकट माझ्यावर. बसायला म्हणून कुणी बसलं तर माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग भिंगरी नाचाच्या क्लासला जायला लागली. क्लासच्या बाईंनी सांगितलं, घरी खुर्चीची पाठ धरून सराव करा. तिने मला निवडलं. बाकीच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची पाठ तिला बुटकी पडत होती हे खरं. पण निवडलं ते निवडलं. कारणांत मी शिरत नाही.

पहिल्याच दिवशी तिने एक पाय मागे उचलला आणि सगळा भार माझ्यावर टाकला. मी कलंडले. ती खाली, मी तिच्यावर. हनुवटी फुटली. आई धावत आली. “दुसरी खुर्ची घे गं बाई.” पोरीने हनुवटीला फडकं दाबलं आणि म्हणाली, “हीच.”

त्या एका ‘हीच’वर मी इतकी वर्षं काढली.

रोज शाळेतून आली की तिचा डावा हात माझ्या पाठीवर. तिथलं पॉलिश पार उडालंय, बघा हवं तर. आधी ती मला मुठीत आवळायची. मग नुसती बोटांनी धरायला लागली. मग तर बोटंही धरेनात, फक्त टेकायची. मी म्हटलं, पोरगी मोठी झाली, आता लाडात येतेय. चवड्यांवर उभी राहायची, टाचा उचलायची, गुडघे वाकवायची, आणि मी तिला धरून असायचे. मी होते म्हणून ती उभी होती, हे मी स्वतःला रोज सांगायचे.

क्लासमध्ये सरावाला धरायचा भिंतीला एक दांडा आहे, असं तिच्या बोलण्यात यायचं. दांड्याशी असं केलं, दांड्याशी तसं केलं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याचं कसलं कौतुक? भिंतीत ठोकून घेतलं की कुणीही ताठ उभं राहतं. साडेतीन पायांवर राहून दाखव म्हणावं.

पण तो लांब होता, तोवर सोसलं. गेल्या आठवड्यात आत्याने दांडाच घरात आणला.

आत्या शाळेत मुलांना खेळ शिकवते. गळ्यात शिट्टी नसली तरी असल्यासारखी बोलते. भाचीची निवड झाली म्हणून तिने हौसेने घडीचा दांडा आणला. खाली रुंद वजनदार पाय, वर चकाकी, सगळ्या घराचं प्रतिबिंब त्याच्यात. मला उचलून न्हाणीघराच्या दाराशी ठेवलं आणि माझ्यावर बादली.

तिथून मी बघत होते. भिंगरीचा हात त्याच्या थंड अंगावर. आणि काय सांगू, हात सोडला की ती धडपडायची. एकदा, दोनदा, रोज. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. म्हटलं, धर आणखी त्याला. माझी आठवण येऊन पडतेय बिचारी, असं मी बादलीखाली बसून ठरवूनही टाकलं.

तर त्या संध्याकाळी बॅग भरायला उंच काही हवं होतं म्हणून मला परत खोलीत आणलं होतं.

“केसांचे आकडे?” आत्याने विचारलं.

“मूठभर घेतलेत,” भिंगरी म्हणाली.

“कुणाच्या मुठीने? तुझ्या मुठीत तर चार मावतात. पायाच्या बोटांना लावायची पट्टी? केसांची जाळी? आणि अगं वहिनी, फिती शिवतेस की गोधडी? कापडाच्या पलीकडे गेली सुई.”

“तिकडे निघाल्या तर कोण लावून देणार आहे तिला? सुई धरता येत नाही पोरीला.”

“येईल. तिथे सगळं येईल. ही डुगडुगती खुर्ची धरून लागलेल्या वाईट सवयीही जातील. काल दांडा सोडला तर कशी कोलमडली, बघितलंस ना?”

आईने दोरा दाताने तोडला. “दांडा तुम्ही आणलात, खूप केलंत. म्हणून इतकी वर्षं मी जपलेली वस्तू वाईट झाली का?”

“मी कुठे तसं म्हटलं? इतक्या लांबून खांद्यावर वाहून आणला मी तो. एकदा छान म्हणालीस?”

दोघींचेही आवाज ओले झाले होते. मला मात्र एवढंच कळत होतं, की एकीला मला टाकायचंय आणि दुसरीला मला दुरुस्त करायचंय. जशी आहे तशी मी कुणालाच नकोय.

शेवट सांगण्याआधी माझं आजचं सांगते. भिंगरी गेलीय. मी खिडकीपाशी आहे, पायाखाली पुठ्ठा नाही, पाठ मोकळी. ओले टॉवेल हल्ली दांड्यावर वाळतात, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. सुताराला निरोप गेलेला नाही. तुम्ही कुणी या घरात आलात तर एवढंच करा, मला सारखी करायला जाऊ नका. भिंगरी तेव्हा जे बोलली त्याने मी सुखावले की दुखावले, हे अजून माझं मलाच ठरवता येत नाही. इतकी वर्षं मी स्वतःबद्दल काही वेगळंच धरून चालले होते.

तर त्या संध्याकाळी भिंगरी उठली. सवतीला माझ्या मांडीवरून उचलून खाली ठेवलं. मला खोलीच्या मध्यावर ओढलं आणि पुठ्ठा पायाने बाहेर ढकलला. मी डुगडुगले. तिने दोन बोटं माझ्या पाठीवर टेकवली आणि एका पायावर वर गेली. मी हलत होते, ती हलत नव्हती. मग बोटंही उचलली. तशीच राहिली, हनुवटीवरचा जुना व्रण वर करून. आत्या फोन विसरली, आईची सुई हातातच राहिली. मी पाठ ताठ केली. म्हटलं, आता सांगेल सगळ्यांना, हीच माझा आधार.

भिंगरी खाली आली, आत्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि म्हणाली, “आत्या, तुझ्या दांड्यावर मी खुशाल रेलते म्हणून सोडला की पडते, आणि आई, तू हिचा पाय नीट केलास तर हिच्यावरही रेलेन, हिच्यावर कधी रेलता आलंच नाही, ही पडू नये म्हणून मी माझी मी उभी राहायला शिकले.”