आखलेले डोळे

प्रमिलाने त्या दोन पक्ष्यांचे डोळे आखले आणि तिथेच घोडं अडलं.

तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. दुबईच्या अल क्वोजमधल्या संग्रामच्या वर्कशॉपात प्रदर्शनांसाठी मॉडेलं बनत. कधी उंट, कधी मॉलच्या दारातला डायनासोर. या खेपेला ऑर्डर होती ग्रेट ऑकच्या जोडीची. काळी पाठ, पांढरं पोट, जाड चोच, उडता न येणारा समुद्रपक्षी. जगात आता एकही उरलेला नाही. माणसांनी मांसासाठी, पिसांसाठी मारत मारत संपवला.

प्रमिला पेणची. वडिलांचा गणपतीचा कारखाना होता, आणि बाराव्या वर्षापासून डोळ्यांची आखणी तिच्याकडे. त्या घरात दोन नियम होते. समोर उभ्या राहणाऱ्याकडे मूर्तीने मायेने बघितलं पाहिजे, हा पहिला. आणि एकदा आखलेला डोळा पुसायचा नाही, हा दुसरा. वीस वर्षं दुबईत काढली, देव सोडून सगळं रंगवलं, पण हाताला ते बारावं वर्ष काही विसरता आलं नाही. परवा पक्ष्यांचे डोळे आखून झाल्यावर तिने सवयीने दोघांच्या तोंडावर रुमालसुद्धा टाकले. गणपती घरी नेताना टाकतात तसे.

आज सकाळी प्रदर्शनाची डिझायनर नबिला आली. मूळची हैदराबादची, बोलायला गोड, कामाला खमकी. तिने रुमाल उचलले आणि पक्ष्यांकडे बघतच राहिली.

"प्रमिलाजी, ये तो ऐसे देख रहे हैं जैसे घर में मेहमान आए हैं!"

"मग?" प्रमिला म्हणाली.

"ये आखरी जोड़ी है. सामने शिकारी खड़े हैं. डर दिखना चाहिए ना? प्लीज, तीन बजे तक आँखें चेंज कर दीजिए. ट्रक चार बजे आएगा."

ती गेली. संग्रामने कपाळावर हात मारला. "ताई, सँडपेपर मारा आणि पुन्हा करा. पाच मिनिटांचं काम आहे. खलास!"

"आखलेला डोळा पुसत नाहीत, संग्राम."

"अहो, तो देवाचा! हा पेंग्विन आहे."

"पेंग्विन नाहीये तो," ती एवढ्या जोरात म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं.

मग ती नुसती येरझारा घालू लागली. ब्रश धुतलेले होते ते पुन्हा धुतले. चहा केला आणि प्यायची विसरली. जीव कुठे ठरेना. वर्कशॉपात जिथे जाईल तिथे ते चार डोळे तिच्याकडे बघत होते. बघणारच, तिनेच तसे आखले होते! आता बोलणार कुणाला?

आभाने, तिच्या लेकीने, परवाच जेवताना ऑकची सगळी हकिगत वाचून दाखवली होती. खलाशी म्हणे बेटांवर उतरायचे, फळी टाकायचे, आणि या पक्ष्यांना मेंढरांसारखं चालवत थेट जहाजावर न्यायचे. "दे जस्ट वॉक्ड, मम्मा." पुढे पक्षी दुर्मीळ झाले, तेव्हा हौशी लोकांना संग्रहासाठी त्यांची कातडी हवी झाली. आइसलंडजवळच्या एका खडकावर तिघं जण उतरले. दोघांनी एकेका पक्ष्याचा गळा दाबला. अंडं बुटाखाली गेलं. त्या जोडीनंतर कुणाला दुसरी जोडी सापडली नाही.

"अगं, पण का?" तिने विचारलं होतं.

"समवन हॅड ऑर्डर्ड देम," आभा म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

अडीच वाजले. "ताई, यल्ला! आटपा!" संग्राम ओरडला. बिचाऱ्याचा आवाज रडवेला झाला होता. हे काम हातचं गेलं तर पुढचं प्रदर्शनही जाणार, हे तिलाही कळत होतं.

तिने सँडपेपर घेतला. नराच्या तोंडावर रुमाल टाकला, म्हणजे त्याला दिसायला नको. स्वतःच्या वेडेपणाचा तिला राग आला, पण रुमाल तिने काढला नाही. मग मादीचं डोकं डाव्या हाताने मानेपाशी घट्ट धरलं आणि घासलं. मिनिटभरात डोळे गेले. एवढं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

नराचा रुमाल काढला. शेजारी जोडीदारीण आंधळी उभी होती, आणि हा मात्र प्रमिलाकडे तसाच बघत होता. मायेने. हातातल्या सँडपेपरकडे त्याचं लक्षच नव्हतं.

प्रमिलाला हुंदका फुटला. "माफ कर रे," ती म्हणाली, आणि तिने त्याचीही मान धरली.

तीन वाजता पक्षी घाबरलेले होते. विस्फारलेले डोळे, बुबुळं एका कोपऱ्यात. नबिलाने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. संग्रामने सगळ्यांना शावर्मा मागवला. प्रमिलाने तो खाल्ला नाही.

संध्याकाळी डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी आभाने मोबाइलवरचा फोटो मोठा करून पाहिला.

"ओह मम्मा, दे लुक सो स्केअर्ड. दे न्यू व्हॉट वॉज कमिंग, राइट?"

प्रमिला बेसिनपाशी उभी राहून हात धूत होती. बोटांच्या पेरांतला काळा रंग काही केल्या निघत नव्हता.

"नाही गं," ती म्हणाली. "त्यांना शेवटपर्यंत काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं."